तुकारामांच्या नावाचा कोळी

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. गिरगाव चौपाटीवर सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे, हातात फक्त लाठी. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली ती सोडलीच नाही. कसाब जिवंत सापडला, ओंबळे गेले. २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

२०२१ मध्ये ठाण्यातल्या एका नव्या कोळ्याला संशोधकांनी नाव दिलं, इसियस तुकारामी. आकार जेमतेम काही मिलिमीटर, डोळे आठ. उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी हा. जाळं लावून वाट बघत बसत नाही, भक्ष्य हेरून थेट झेप घेतो. (नाव शोभतंय ना?) असल्या कोळ्यांना पानं, झुडपं, सालीच्या फटी एवढं पुरतं. पण ठाण्यात तेवढी जागा दिसली की आधी टॉवरचा बोर्ड लागतो.