निळ्या प्राण्याचे अनामिक निर्माते



सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एका मुलाच्या गणिताच्या वहींत, मागल्या पानावर, मला एक निळें चित्र आढळलें. पाठीवर मागें वळलेले कांटे, पायांत तांबडे बूट आणि तोंडावर कांहींसें उद्धट हास्य. मीं त्यास उभें करून विचारलें, "हें मूळ चित्र कोणीं काढलें आहे रे?" तो म्हणाला, "कोणीं नाहीं, गुरुजी. कंपनीचें आहे तें." उत्तर मला पटलें नाहीं, परंतु त्याहून बरें उत्तर मजजवळही नव्हतें.

त्या प्राण्याचें नांव सॉनिक. इंग्रजींत ज्यास हेजहॉग म्हणतात, तो हा. आपलें साळिंदर निराळें. हा त्याहून पुष्कळच लहान, आणि संकट येतांच अंगाचा कांटेरी चेंडू करणारा. जपानी भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थ 'सुयांचा उंदीर' असा होतो.

जपानांतील क्योतो शहरीं १८८९ सालीं फुलांचीं चित्रें असलेले पत्ते तयार करणारा एक धंदा सुरू झाला. तीच पुढें निंटेंडो कंपनी. १९८५ सालीं तिनें मारिओ नांवाच्या एका मिशाळ नळ-कारागिराचा खेळ काढला. पडद्यावरील दृश्य बाजूला सरकत जातें, नायक खड्डे ओलांडीत आणि फळ्यांवर उड्या मारीत पुढें जातो, अशी त्याची रचना. या खेळानें अमेरिकेंतील घरेंच्या घरें काबीज केलीं. टोकियोच्या सेगा कंपनीनें १९८८ सालीं अधिक सामर्थ्यवान यंत्र आणलें. अमेरिकेंत तें पुढील वर्षीं जेनेसिस या नांवानें विकूं लागले. पण यंत्र चांगलें असून भागत नाहीं. मुलांस ओळखीचा चेहरा लागतो, आणि तसा चेहरा सेगाजवळ नव्हता.

तो शोधण्याचें काम मुख्यतः तिघांवर आलें: चित्रकार नाओतो ओशिमा, यंत्राचा हिशेब मांडणारे युजी नाका, आणि खेळांतील वाटा आंखणारे हिरोकाझु यासुहारा. प्रथम लांब कानांनीं वस्तु उचलून फेंकणारा ससा योजिला होता. परंतु वस्तु उचलावयाची म्हणजे थांबावें लागणार, आणि थांबलें कीं वेग गेला. मग अंगाचा चेंडू करणारे प्राणी पुढें आले. तो चेंडूच शस्त्र होई, तेव्हां थांबण्याचें कारण उरलें नाहीं. ओशिमा यांनीं आपलीं चित्रें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें नेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखविलीं. लोकांनीं बोट ठेविलें तें या कांटेरी प्राण्यावर. त्याच संचांतील एक मिशाळ गृहस्थ पुढें खेळांतील खलनायक झाला. कंपनीचें बोधचिन्ह निळें, म्हणून प्राणीही निळा.

मला स्वतःला खरें नवल वाटतें तें नाका यांच्या कामाचें. मारिओचा पहिला टप्पा खेळतांना त्यांस वाटे, कीं हा दर खेपेस अधिक वेगानें कां पार करूं नये? आतां सपाट फळीवरून उडी मारणारा नायक दाखविणें त्या मानानें सोपें. पण टेकडीच्या वळणावरून धांवणारा दाखवावयाचा, तर क्षणोक्षणीं त्याच्या पायांखालील उतार मोजावा लागतो. नाका यांनीं तो हिशेब बसविला. उतारावर वेग वाढे, चढावर मंदावे. आणि वेग पुरेसा असला, तर सर्कशींतील जाळीच्या गोलांत फिरणाऱ्या मोटारसायकलस्वाराप्रमाणें सॉनिक उभ्या वर्तुळांतून डोकें खालीं करून निघून जाई. शाळेंत आम्ही फळ्यावर उताराचीं उदाहरणें सोडवीत असूं; तीं मुलें इतक्या आनंदानें सोडवितील असें मला कधीं वाटलें नव्हतें.

२३ जून १९९१ रोजीं हा खेळ अमेरिकेंत विक्रीस आला. सेगाच्या तेथील शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनीं यंत्राची किंमत उतरवून हा खेळ त्याच्यासोबतच देण्याचा आग्रह धरला. जपानांतील मंडळी नाखूष होती. पण त्यांचेंच म्हणणें खरें ठरलें, आणि निंटेंडोस प्रथमच तोडीचा प्रतिस्पर्धी भेटला.

येथें मूळ प्रश्नाकडे वळतों. खेळ संपल्यावर पडद्यावर कर्त्यांचीं नांवें येतात, पण कशीं? नाका यांचें 'यू-टू', यासुहारा यांचें 'कॅरोल यास', ओशिमा यांचें 'बिग आयलंड'. 'ओशिमा' म्हणजे मोठें बेट. तेवढाच काय तो मागमूस. प्रतिस्पर्ध्यांनीं माणसें फोडून नेऊं नयेत, म्हणून तिकडील कंपन्या खरीं नांवें झांकून ठेवीत. संगीतकार मासातो नाकामुरा हे बाहेरचे प्रसिद्ध वादक. त्यांचें नांव मात्र स्पष्ट छापलेलें! तेव्हां नाका यांनीं एक युक्ति केली. खेळाच्या प्रारंभींच्या काळ्या पडद्यावर सर्वांचीं खरीं नांवें काळ्याच अक्षरांत लिहून ठेविलीं. नांवें तेथें होतीं, पण दिसत नव्हतीं. ठराविक क्रमानें बटणें दाबणारासच तीं वाचतां येत. पुढें नाका यांनीं जपानांतील नोकरी सोडली, आणि सेगाच्याच कॅलिफोर्नियांतील शाखेंत त्यांच्या व यासुहारांच्या हातून १९९२ सालचा दुसरा भाग तयार झाला.

१९९५ सालीं हें यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतांत आलें, तेव्हां त्याची किंमत १८,००० रुपयांच्या घरांत होती. मजसारख्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकाचा तो कित्येक महिन्यांचा पगार. माझ्या त्या विद्यार्थ्यानेंही तो खेळ कोणा शेजाऱ्याच्या घरीं, दारांत उभें राहूनच पाहिला होता.

सेगानें २००१ सालीं घरगुती यंत्रें करणेंच सोडून दिलें. २००७ सालीं तर सॉनिक आणि मारिओ निंटेंडोच्याच यंत्रावर, एकाच ऑलिंपिक मैदानांत धांवतांना दिसले. तो मुलगा आतां चाळिशीला आला असेल. चित्र नाओतो ओशिमा यांनीं काढलें, एवढें त्यास सांगावयाचें माझें राहून गेलें आहे.