प्राध्यापक सोसेकी यांचा करार

१९०७ सालच्या वसंतात जपानच्या राजधानीत एक गोष्ट घडली आणि तेथील सुशिक्षितांना तिचे मोठे नवल वाटले. टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या चाळीस वर्षांच्या अध्यापकांना प्राध्यापकपद देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले, आणि विद्यापीठ सोडून ते एका दैनिकाच्या नोकरीत शिरले. हे अध्यापक म्हणजे नात्सुमे सोसेकी. अर्वाचीन जपानी कादंबरीच्या निर्मात्यांत त्यांचे नाव आज अग्रभागी घेतले जाते.

त्यांच्या कलेचे रसग्रहण करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही शाळा अर्धवट टाकून कारखान्यात गेलेली माणसे. जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून. जपानी आम्हांस येत नाही. इंग्रजी भाषांतरकारांचे बोट धरूनच आम्ही सोसेकींपर्यंत पोचलो. परंतु नोकरी, पगार आणि करार हा आमचा रोजचा विषय आहे, आणि त्या बाजूने हे चरित्र पाहिले तर त्यातून आपणां सर्वांना घेण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते.

सोसेकींचा जन्म १८६७ चा. आईबापांना उतारवयात झालेले हे मूल; त्यांनी ते दुसऱ्याच्या पदरात टाकले. पुढे दत्तक घेणाऱ्या जोडप्याची फारकत झाली आणि मुलगा जन्मघरी परत आला. पण १८८८ मध्ये त्याचे मूळ आडनाव परत मिळविताना बापाला सांभाळणाराशी सांभाळल्याच्या खर्चाचा हिशेब करावा लागला. रक्कम ठरली २४० येन. आपल्यावरून झालेला हा पैशाचा व्यवहार सोसेकी विसरले नाहीत. १९१५ च्या ‘मिचिकुसा’ या कादंबरीत पैशासाठी पुन्हा दारात येऊन उभा राहणारा पालक-पिता आहे.

१८९० मध्ये ते विद्यापीठात इंग्रजी शिकू लागले. दुसऱ्याच वर्षी डिक्सन या आपल्या अध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘होजोकी’ या १२१२ सालच्या जपानी गद्यकृतीचे इंग्रजी भाषांतर केले. आग, दुष्काळ, भूकंप पाहून एका लहानशा झोपडीत राहावयास गेलेल्या विरक्ताचे ते निवेदन. म्हणजे कादंबरीकार होण्याच्या कितीतरी आधी सोसेकी भाषांतरकार झाले होते. पुढे मात्सुयामा व कुमामोतो येथे त्यांनी शिक्षकी केली. १९०० साली सरकारने त्यांना वर्षाला १८०० येन देऊन लंडनला पाठविले. त्या पैशात लंडनचा खर्च भागेना. स्वस्त खोल्या बदलीत, पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेत त्यांनी दोन वर्षे काढली. मनाला असा काही थकवा आला की, सोसेकींना वेड लागले अशी बातमी मायदेशी जाऊन पोचली.

१९०३ मध्ये परत आल्यावर लॅफ्काडिओ हर्न या लोकप्रिय शिक्षकांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाचे वर्षाला ८०० येन; ते पुरेनात म्हणून एका उच्च विद्यालयात ७०० येनांची दुसरी नोकरी. या धावपळीतून उरलेल्या वेळात त्यांनी १९०५ पासून एका मांजराच्या तोंडून सांगितलेली विनोदी कथा मासिकात लिहिली, १९०६ मध्ये ‘बोत्चान’ लिहिली, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

तेव्हा ‘असाही’ या दैनिकाने त्यांना बोलावणे पाठविले. येथे सोसेकी कसे वागले हे पाहण्यासारखे आहे. मान मिळाला म्हणून ते भुलले नाहीत, आणि पैशाचे नाव कसे काढावे म्हणून संकोचलेही नाहीत. पगार किती, नोकरीची शाश्वती कोण देणार, वर्षाला किती मजकूर द्यावयाचा, हे सर्व त्यांनी आधी विचारून घेतले. महिना २०० येन आणि वर ठराविक वेळी बोनस असे ठरले. त्याच्या बदल्यात त्यांच्या कादंबऱ्या प्रथम त्याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध व्हावयाच्या. नोकरीत शिरल्यावर मे महिन्यात त्यांनी वाचकांसाठी एक निवेदन लिहिले. वृत्तपत्र हा धंदा असेल तर विद्यापीठही धंदाच आहे, तसे नसते तर प्राध्यापकांना पगारवाढीची इच्छाच झाली नसती, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते.

आमच्या कचेरीत अलीकडे तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापकही येतात. एकाने महिनोन् महिने थकलेल्या मानधनाची गोष्ट आम्हांस अगदी खालच्या आवाजात सांगितली. दार लोटून घेऊ का, असेही त्याने विचारले. फिटर किंवा हमाल आपल्या मजुरीविषयी असा कुजबुजत नाही. विद्या पवित्र, म्हणून तिचा मोबदला मागणे हलके, ही समजूत विद्वानांनी स्वतःच जोपासली आहे आणि मालकांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला आहे. सोसेकींनी ती समजूत १९०७ साली झुगारून दिली. त्यानंतर मृत्यूपर्यंत साडेनऊ वर्षे त्यांनी जे लिहिले, त्याच्या पाठीशी हा करार होता.

परंतु इतिहास एका बाजूने सांगू नये. त्याच १९०७ च्या फेब्रुवारीत आशिओच्या तांब्याच्या खाणीत कामगारांचा मोठा उद्रेक झाला आणि तो मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले. वर्ष संपता संपता एक अनोळखी तरुण सोसेकींच्या घरी आला. तो खाणीत राहून आलेला होता, आणि कादंबरीसाठी आपली हकीकत देण्याची त्याची तयारी होती. मोबदल्याचीही त्याला अपेक्षा होती. तूच लिही, असे सोसेकींनी त्याला आधी सुचविले. पण १९०८ च्या आरंभी दैनिकात दुसऱ्या लेखकाची कादंबरी लांबली आणि जागा भरण्यासाठी त्या हकिगतीवरून सोसेकींनी ‘कोफू’, म्हणजे ‘खाणकामगार’, ही कादंबरी लिहिली.

घरातून पळालेल्या मुलाला रस्त्यात एक भरतीदार गाठतो, काम करतोस का विचारतो, आणि डोंगरावर नेऊन पोचवितो. तेथे मुकादमाच्या खोपटात ढेकूण, मातीसारखा लागणारा भात आणि नव्या माणसाची चेष्टा. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरांच्या गोष्टी आम्ही वडील मंडळींकडून ऐकल्या आहेत. भरती करणारा, खोली देणारा आणि कापून घेणारा एकच. म्हणून ती पाने वाचताना परका देश वाटला नाही.

तथापि त्या उद्रेकाची हकीकत कादंबरीत येत नाही. प्रथम वाचली तेव्हा आम्ही रागावलो होतो. आपल्या पगाराविषयी इतका जागरूक माणूस, आणि खाणीतल्या मजुरीच्या लढ्याविषयी गप्प! आज राग उरलेला नाही, पण उणीव ती उणीवच. एका मुलाच्या मनात क्षणाक्षणाला काय उलथापालथ होते, हे त्यांनी जसे दाखविले तसे आमच्या कोणत्याही पत्रकाला साधलेले नाही. मात्र करार करण्याची जी ताकद नावाजलेल्या लेखकापाशी होती, ती त्या तरुणापाशी नव्हती. एकट्याला ती कीर्तीने मिळते. बाकीच्यांना ती एकत्र येऊनच मिळवावी लागते.

१९११ मध्ये सरकारने दिलेली डॉक्टरची पदवी सोसेकींनी परत केली. १९१४ मध्ये सरदार-घराण्यांतील मुलांच्या विद्यालयात त्यांनी व्याख्यान दिले. ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा येणार त्यांनी त्याबरोबर येणारी जबाबदारी ओळखावी, आणि आपले स्वातंत्र्य हवे तर दुसऱ्याचेही मानावे, हे त्यांनी त्या मुलांच्या तोंडावर सांगितले. ९ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पोटाच्या जुन्या दुखण्याने ते वारले. दैनिकात चालू असलेली कादंबरी अपुरी राहिली. १९८४ मध्ये जपानने हजार येनांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

तासिकेवरचा तो अध्यापक पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला सोसेकींची ही हकीकत सांगितली. या खेपेस दार उघडेच होते. पुढच्या आठवड्यात तो आपल्याबरोबर आणखी चौघांना घेऊन आला.