रस्त्यात अंगावर कुणी आलं तर: स्वसंरक्षणाचा हक्क आणि त्याची हद्द

रिद्धपूरहून मोर्शी किंवा चांदूर बाजारला कामासाठी, बाजारासाठी जाणारी आपली पोरं अंधार पडल्यावर परततात. संत्र्याच्या बगीच्यांतून जाणारा रस्ता, एका दुचाकीवर दोघं, आणि घरी अम्मीचा जीव टांगणीला. वाटेत कुणी अडवलं तर काय करायचं, याचा सल्ला घरोघरी वेगळा मिळतो. कुणी म्हणतं, हात उचलू नको, उलट तुझ्यावरच केस होईल. कुणी म्हणतं, अंगावर आला तर सोडायचा नाही. पहिला सल्ला कायद्याला धरून नाही. दुसरा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीच पोरं जेलात जातात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ९६ ते १०६ मधला हा विषय आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, मजकूर जवळपास तोच. (जुने वकील अजून 'कलम शंभर' म्हणतात, ते आता ३८ समजायचं.) बचावासाठी केलेली कृती गुन्हाच नाही, असं कलम ३४ स्पष्ट सांगतं. हा हक्क फक्त स्वतःच्या अंगापुरताही नाही. रस्त्यात दुसऱ्या कुणावर हल्ला होत असेल, तो ओळखीचा असो नसो, आपल्या समाजाचा असो नसो, त्याला वाचवण्याचा हक्क कलम ३५ देतं. ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध झालं तिथल्या लोकांना चक्रधरस्वामींची लीळा ठाऊक आहे: आसऱ्याला आलेला ससा त्यांनी पारध्यांच्या हाती दिला नाही, आणि त्यासाठी हातही उचलला नाही. दरवेळी तसं जमत नाही, म्हणून कायदा लागतो. हल्लेखोर दारूच्या नशेत असला किंवा वेडसर असला तरी हक्क तोच राहतो.

हक्क कधी सुरू होतो? पहिला फटका बसेपर्यंत थांबायची गरज नाही. समोरच्याच्या कृतीतून किंवा धमकीतून धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू, आणि ती भीती असेपर्यंतच तो टिकतो, हे कलम ४० मध्ये आहे. 'रास्त' हा शब्द महत्त्वाचा. नुसती शिवी, नुसती टिंगल, दाढी-टोपीवरून किंवा बुरख्यावरून मारलेला टोमणा, यावर हात उचलला तर तो बचाव ठरत नाही. त्याची तक्रार करता येते, आणि करावी.

आता मुख्य प्रश्न: बळ किती? कलम ३७ म्हणतं, बचावासाठी जेवढं आवश्यक तेवढंच. पण हे 'तेवढंच' तराजूत तोलायचं नसतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जिवावर बेतलेल्या माणसाने आपला प्रतिकार गणिताच्या हिशेबाने पायरी-पायरीने वाढवावा, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. बळ धोक्याच्या मानाने अगदीच बाहेर जाणारं नसावं, एवढंच पाहायचं. १९७३ च्या देव नारायण खटल्यात समोरच्यांच्या हाती लाठ्या होत्या आणि आरोपीने भाला चालवला. लाठीला भाला म्हणजे मर्यादा ओलांडली, असं उच्च न्यायालयाला वाटलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही, कारण डोक्यावर घातलेली लाठी जीव घेऊ शकते. आपल्या वऱ्हाडात भांडणात सगळ्यात आधी काठीच निघते, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. हत्याराचं नाव काय यापेक्षा ते कुठे आणि कसं चालवलं जातंय, हे बघितलं जातं.

हल्लेखोराचा जीव जाईल इथपर्यंतचं बळ मात्र मोजक्याच प्रसंगी माफ आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, पोलिसांकडे पोहोचताच येणार नाही अशी कोंडून ठेवणी, ॲसिडहल्ला. ही यादी कलम ३८ मध्ये आहे. आपल्या मुलींना ही यादी माहीत असायला हवी. एरवी कलम ३९ लागू होतं, त्यात जीव घेण्याची मुभा नाही.

पोरं फसतात ती बहुतेक शेवटच्या फटक्यात. समजा एसटी थांब्यावर तिघांनी घेरलं, एकाच्या हाती रॉड आहे. तुम्ही त्याच्या हातावर मारलं, रॉड खाली पडला, तो कोसळला, बाकीचे दोघं पळाले. इथवर बचाव. त्यानंतर पडलेल्याला घातलेल्या तीन लाथा हा नवा गुन्हा आहे, आणि त्यात आरोपी तुम्ही आहात. त्या लाथेत दात तुटला किंवा हाड मोडलं तरी ती कायद्याने गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याचाच रॉड उचलून मारलं तर कलम आणखी कडक. चांगल्या हेतूने, ठरवून नव्हे, पण बचावाच्या भरात हद्द ओलांडली जाऊन मृत्यू झाला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरण्याची सवलत कलम १०१ च्या अपवादात आहे. धोका टळल्यावर सूड म्हणून केलेल्या माराला ती मिळणं फार कठीण.

बचाव आणि बदला यांतला फरक विदर्भाने फार जवळून पाहिला आहे. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयातच कस्तुरबा नगरच्या स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादवला ठार केलं. त्याच्या छळाच्या कहाण्या ऐकून कुणाचंही रक्त उसळेल, आमचंही उसळलं होतं. पण त्या घडीला तो पोलिसांच्या ताब्यात होता. २०१४ मध्ये आरोपी सुटले ते पुराव्याअभावी, बचावाचा हक्क मान्य होऊन नव्हे.

चोरीचं थोडक्यात. मोबाईल हिसकून पळणाऱ्याचा तिथल्या तिथे पाठलाग करून तो परत घेता येतो. तोच पोरगा दुसऱ्या दिवशी बाजारात दिसला म्हणून धरून बदडता येत नाही, कारण तोवर पोलिसांकडे जायला वेळ मिळालेला असतो. असा वेळ असेल तिथे हक्कच नाही.

जमावाची भीती आपल्या घरांत सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथे स्पष्ट बोलायला हवं. जीव घ्यायला आलेल्या जमावात अडकलात तर बचाव करताना निरपराध माणसाला इजा होण्याची जोखीमही कलम ४४ मान्य करतं. जात, समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणाने पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर कलम १०३(२) नुसार फाशी किंवा जन्मठेप आहे. पण समोर जमाव आला म्हणून आपणही जमाव घेऊन निघालो, की दोन्ही बाजू लढायला उतरल्या असं धरलं जातं आणि बचावाचा मुद्दा गळून पडतो. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये दंगल उसळली, तेव्हा प्रत्येक मोहल्ल्यापुढे हाच प्रश्न होता. दारात उभं राहून घर वाचवणं आणि चौकात जाऊन दगड उचलणं, या दोन गोष्टी कायदा एका मापाने मोजत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असेल तर साधी काठी बाळगणंही गुन्हा ठरतो. आणि गाडीच्या डिकीत 'असू दे' म्हणून ठेवलेला सुरा कोर्टात तयारीचा पुरावा म्हणून पुढे येतो, हे आमच्या पोट्ट्यांना कितीदा सांगावं!

फिक्हमध्येही अंगावर चालून येणाऱ्याला परतवण्याचा स्वतंत्र विषय आहे. तिथे उपाय हलक्याकडून जडाकडे जातात, आणि हलक्याने भागत असताना जड वापरला तर तो जुल्म गणला जातो. सूरह बकराच्या १९० व्या आयतीत हद्द न ओलांडण्याची ताकीद आहे, ती तर लढाईच्या मैदानासाठी.

घटना घडून गेल्यावर ११२ ला फोन करा. त्या कॉलची वेळ नोंदली जाते. सरकारी दवाखान्यात जाऊन जखमा, खरचटलेलंसुद्धा, एमएलसीमध्ये लिहून घ्या. समोरचा तुमच्याविरुद्ध तक्रार देणारच, म्हणून आपलीही लगेच द्या. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात घ्यावा लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा. दुकानांच्या सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागा. घाबरून 'मी तिथे नव्हतोच' असं मात्र सांगू नका. बचाव होता हे दाखवण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असतो. तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं. पण जो म्हणतो मी नव्हतो, त्याचा बचाव कोर्टाने कुठून शोधायचा? वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.