धाराशिव जिल्ह्यातील सेंद्रिय रसायनाची परंपरा

धाराशिव जिल्हा निजामाच्या अंमलाखाली असताना येथील ज्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण संस्थानातच घ्यावयाचे असे, त्याची वाट हैदराबादेकडे जात असे. कारण १९१७ च्या फर्मानानुसार १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हेच संस्थानातील विद्यापीठ होते, आणि तेथे विज्ञानही उर्दूतून शिकविले जात असल्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मूलद्रव्यांच्या गुणधर्मांबरोबर अध्यापनाची भाषाही आत्मसात करावी लागे. भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवून पाश्चात्त्य शास्त्रग्रंथ देशी भाषेत आणण्याचा तो उद्योग थोर होता, यात शंका नाही. तथापि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास, १९४८ ची मुक्ती आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना होऊन गेल्यावर, २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला.

त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत उद्घाटन झालेल्या या विद्यापीठाच्या आश्रयाने धाराशिव, उमरगा आणि १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात असलेले लातूर येथे शिक्षणसंस्थांची महाविद्यालये वाढली, आणि सेंद्रिय रसायनाचा प्राध्यापक हा एक नवा पेशा या मुलखात रुजला. अधिव्याख्याता म्हणून रुजू व्हावे, तास आणि प्रात्यक्षिके सांभाळून पीएच.डी.चा प्रबंध पुरा करावा, पुढे प्रपाठक व्हावे आणि मग स्वतःच मार्गदर्शक होऊन पुढच्या पिढीला संशोधनास लावावे, असा त्या कारकिर्दीचा क्रम होता.

संशोधनाचा विषय निवडताना उपलब्ध साधनसामग्रीचा विचार अटळ होता, आणि चाल्कोन या संयुगांच्या संश्लेषणाला साधी साधने पुरत. ॲसिटोफिनोन आणि बेन्झाल्डिहाइड अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालावे, मिश्रण रात्रभर ठेवावे, सकाळी बर्फाच्या चुऱ्यावर ओतून आम्लाने उदासीन करावे, म्हणजे चाल्कोनचा पिवळा साका खाली बसतो. तो गाळून, अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिकरूप करून, केशनलिकेत भरून त्याचा द्रवणांक पाहावा, आणि तो नेमक्या अंशावर वितळला की पदार्थाच्या शुद्धतेची पहिली साक्ष मिळते. याच चाल्कोनपासून पायरॅझोलिनसारखी विषमचक्रीय संयुगे आणि, हायड्रॉक्सी गट योग्य जागी असेल तर, वनस्पतींच्या रंगद्रव्यांशी नाते सांगणारे फ्लॅव्होन तयार करता येतात. ज्या के. वेंकटरामन यांचे नाव फ्लॅव्होनच्या एका संश्लेषणातील पुनर्रचनेला जोडले गेले, तेच मुंबईत रंगरसायनाचे अध्यापन करून १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. म्हणून या विषयावर काम करणारा तालुक्याच्या गावचा प्राध्यापकही एका मोठ्या भारतीय परंपरेचाच वारसदार होता.

राज्याची सीमा बदलली, तरी हैदराबादेशी असलेले नाते तुटले नाही. संस्थानाने १९४४ मध्ये उभारलेली प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय संशोधनसंस्था झाली, त्या नगरात औषधनिर्मितीचा उद्योग फोफावला, आणि सेंद्रिय रसायन शिकलेल्या तरुणांना पूर्वी जेथे विद्या मिळत असे तेथेच आता उपजीविकाही मिळू लागली. २००४ मध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणीच आल्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी घर सोडण्याची सक्तीही उरली नाही.

तेरचे प्राचीन अवशेष, नळदुर्गचा किल्ला आणि तुळजापूरचे देवस्थान यांच्या नोंदी जिल्ह्याच्या इतिहासात साक्षेपाने केल्या जातात. त्याच साक्षेपाने महाविद्यालयांतील जुन्या प्रात्यक्षिक-वह्या, प्रबंध आणि विभागांची दप्तरे जतन झाली पाहिजेत, कारण या मुलखात विज्ञान कोणी, कोणत्या साधनांनी आणि किती निष्ठेने रुजविले, याचा अस्सल पुरावा त्या कागदांतच आहे.