गालापागोसमधील स्नॉर्केलिंग

इक्वेडोरच्या गालापागोस द्वीपसमूहात बोटीवर मुक्काम करून, या बेटावरून त्या बेटावर जात, मास्क आणि स्नॉर्केल लावून उथळ पाण्यातले जीव पाहण्याचा पर्यटनप्रकार. ही ज्वालामुखीजन्य बेटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किमी. पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात ऐन विषुववृत्तावर आहेत. मात्र इथली खरी श्रीमंती थंड पाण्याची आहे.

समुद्राच्या पोटातून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह फर्नांदिना आणि इसाबेला या पश्चिमेकडच्या बेटांना अडून वर उसळतो आणि खोलातली पोषकद्रव्ये वर आणतो. त्यावर शेवाळ पोसते, मासे वाढतात. जून ते नोव्हेंबरच्या गार हंगामात इथले पाणी २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. वेटसूटशिवाय फार वेळ पोहवत नाही. याच गारव्यावर विषुववृत्तावरचे पेंग्विन तगून आहेत. उडणे विसरलेला पाणकावळा तर जगात या दोनच बेटांच्या किनाऱ्यांवर आढळतो आणि मासे पकडायला पाण्यात बुडी मारतो.

सर्वांत विलक्षण प्राणी म्हणजे सागरी इग्वाना. समुद्रात उतरून चरणारा हा जगातला एकमेव सरडा. पाय अंगाशी दुमडून, चपटी शेपटी वळवळवत तो तळाशी जातो. तिथे लांब नख्यांनी खडक घट्ट धरतो आणि आखूड, बोथट तोंडाने शेवाळ खरवडून खातो. लाट आली की सगळे अंग झुलते, पकड मात्र सुटत नाही. खोल बुडी मुख्यतः मोठे नर मारतात. माद्या आणि पिल्ले ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरच चरतात. पाण्यात अंग गार पडते, म्हणून बाहेर येताच ते काळ्या लाव्ह्यावर दाटीवाटीने ऊन खात बसतात आणि शरीरातले जादा मीठ नाकावाटे फुसकारून टाकतात. डोक्यावरचा पांढरा थर त्या मिठाचाच. १८३५ साली चार्ल्स डार्विनने एका इग्वानाला पुन्हा पुन्हा पाण्यात फेकून पाहिले. दर वेळी तो किनाऱ्याकडेच परतला. जमिनीवर याला शत्रू नाही, समुद्रात शार्क आहेत, असे कारण डार्विनने सुचवले.

इसाबेलाच्या पुंता विसेंते रोका इथे हिरवी कासवे दिसतात. फ्लोरेआनाजवळच्या ‘डेव्हिल्स क्राउन’ या झिजलेल्या ज्वालामुखीच्या कड्याभोवती माशांचे थवे असतात, पण प्रवाह जोरदार असल्याने तिथे पोहणे सरावलेल्यांनीच करावे. सागरसिंहांची पिल्ले अनेक ठिकाणी आपणहून पोहणाऱ्यांभोवती गिरक्या घेतात.

१९५९ साली इथे राष्ट्रीय उद्यान आणि १९९८ साली सागरी राखीव क्षेत्र स्थापन झाले. क्रूझ बोटींचे मार्ग उद्यान प्रशासन ठरवते. परवानाधारक मार्गदर्शक सोबत असावाच लागतो आणि प्राण्यांपासून किमान दोन मीटर अंतर राखावे लागते. ही बंधने रास्तच आहेत, कारण इथल्या जिवांना माणसाची भीती नाही.

एल निन्योच्या वर्षी पाणी तापते, शेवाळ मरते आणि इग्वानांची उपासमार होते. अशा काळात त्यांच्या शरीराची लांबीच कमी होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबालजवळ खडकांवर रुतले. सांडलेल्या तेलाचा फक्त थोडा अंश सांता फे बेटापर्यंत पोहोचला, तरी वर्षभरात तिथले सुमारे ६२ टक्के सागरी इग्वाना मेले. त्या जहाजातले काही इंधन एका पर्यटक क्रूझ बोटीसाठीच आणलेले होते.