गाळलेली पहिली पायरी

वडखळला महामार्ग सोडून वळणारा रस्ता अलिबागला जातो. दुर्गा खोटे उत्तरायुष्यात तेथे राहत होत्या. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ सामान्यतः ‘अयोध्येचा राजा’मधील (१९३२) तारामतीपासून सांगितला जातो. वस्तुतः १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक छोटी भूमिका केली होती. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने पडद्यावर येणे तेव्हा निंद्य मानले जाई. त्यात चित्रपटही सुमार, त्यामुळे टीका झाली.

नामवंत नट आरंभीच्या दुय्यम भूमिकांविषयी मौन पाळतात ते केवळ संकोचाने नव्हे, असे आम्हांस वाटते. कीर्तीला आपला आरंभही तेजस्वी हवा असतो. दुर्गाबाईंनी मात्र ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात ही पायरी गाळली नाही. ती गाळली असती, तर तारामती साकारण्यामागचे धैर्य आपल्याला निव्वळ भाग्य वाटले असते.