जलशाला मुभा, सिनेमाला परवाना!

बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तो भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी. तेच काम आम्ही वर्धा जिल्ह्यात प्रोजेक्टर घेऊन करू पाहतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो : परवानगी आहे का?

प्रश्न चुकीचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थेला आपले शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरता चित्रपट दाखवू देते. हौशी मंडळाने फुकट केलेले नाटक-गाणेही सुटते. पण विहारातल्या वाचनालयाने चित्रपट लावला तर ही सूट नाही. म्हणजे कॉलेजची पायरी चढलेल्याला मुभा, दिवसभर निंदण करून संध्याकाळी विहारात येणाऱ्या बाईला नाही!

चित्रपटावरचा हक्क ६० वर्षांचा. म्हणून 'अछूत कन्या' (१९३६) केव्हाच मोकळा झाला, 'सुजाता' (१९५९) २०२० पासून. दोन्हींत अस्पृश्य मुलीला आपली लायकी जीव किंवा रक्त देऊन सिद्ध करावी लागते. आमच्या मुलींना आम्ही एवढेच दाखवायचे का?

जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) सरकारी पैशातून, एनएफडीसीमार्फत झाला. तो मोकळा व्हायला २०६० पर्यंत थांबायचे? कलावंताचा, खासगी निर्मात्याचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण जनतेच्या पैशाने बनलेल्या चित्रपटांसाठी सरकारने सार्वजनिक वाचनालयांना एकच मोफत, कायमचा परवाना द्यावा. ही दयेची याचना नाही, आमच्याच पैशाचा हिशेब आहे.

जयभीम!